बेळगावचे ठाणेदार आणि धरणगावचा कापूस

२०२५ च्या २८ एप्रिलला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या एका सदस्याने राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा असा ठराव दाखल केला. हे सदस्य म्हणजे श्री ठाणेदार. मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघाचे प्रतिनिधी, डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ. दोन दिवसांत ही बातमी आमच्या धरणगावच्या पानटपरीपर्यंत पोचली. शेजारचे एक शेतकरी, रोजचा पेपर माझ्याकडून वाचून घेणारे, मला म्हणाले, “भाऊ, तो आपला मानूस शे ना?” मी हो म्हटले. त्यांचे समाधान झाले आणि ते बाजारभावाच्या पानाकडे वळले.

माझे समाधान झाले नाही. अमेरिकेतल्या राजकारणाच्या मराठी बातम्या कापून ठेवण्याचा नाद मला २०१६ पासून आहे. महाविद्यालयीन शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटलेले, इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. त्यामुळे मी कोणी राज्यशास्त्राचा अभ्यासक नाही. पण कात्रणांच्या फायली वाढत गेल्या आणि एक प्रश्न घट्ट होत गेला. आपण अमेरिकेची बातमी नेमकी कशासाठी वाचतो? ठाणेदारांच्या ठरावाने मला या प्रश्नाला भिडायला एक ठरावीक, हाताळता येण्याजोगे प्रकरण दिले. म्हणून हा लेख.

कात्रणांत मला जे दिसले ते असे. ठाणेदारांचे नाव मराठी मथळ्यात येते तेव्हा त्याच्या आधी ‘मराठमोळे’, ‘बेळगावचे सुपुत्र’, ‘मराठी माणसाचा झेंडा’ अशी विशेषणे येतात. मग १९७९ साली अमेरिकेला जाणे, अक्रन विद्यापीठातली रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, सेंट लुईसमधली प्रयोगशाळा विकत घेऊन मोठी करणे, कंपनी बुडणे, पुन्हा उभे राहणे. ही सगळी हकिकत मराठी वाचकाला २००४ पासून ठाऊक आहे, कारण त्यांचे ‘ही श्रीची इच्छा!’ हे आत्मकथन त्या वर्षी आले आणि घराघरांत वाचले गेले. आमच्याकडे मुलाला दहावीच्या निकालानंतर भेट द्यायच्या पुस्तकांत ते असायचे. मीही एका भाच्याला दिले आहे. गरिबीतून वर येणाऱ्या माणसाचे पुस्तक म्हणून ते वाचनीय आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की पुस्तकाने जो साचा दिला त्याच साच्यात पुढच्या एकवीस वर्षांच्या बातम्या ओतल्या गेल्या. उद्योजक ठाणेदार आणि लोकप्रतिनिधी ठाणेदार हे दोन वेगळे विषय आहेत, हे आपल्या वृत्तपत्रांच्या ध्यानातच आले नाही.

आता हाच माणूस तिकडच्या वृत्तपत्रांत पाहा. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि तिसरे आले. तेव्हा तिथल्या पत्रकारांनी जुन्या कंपनीचे एक प्रकरण बाहेर काढले. २०१० मध्ये कर्जापायी न्यू जर्सीतली प्रयोगशाळा बंद पडली आणि प्रयोगांसाठी ठेवलेले शंभराहून अधिक बीगल कुत्रे व माकडे आत अडकून राहिली. बँकेने ताबा घेतल्यावर आपल्या हाती काही उरले नव्हते, असे ठाणेदारांचे म्हणणे. खरे-खोटे ठरवायला मी इथे बसलेलो नाही. पण मतदाराला हा प्रश्न विचारता यावा इतपत माहिती तिथल्या वाचकाला मिळाली आणि मराठी वाचकाला मिळाली नाही, एवढे माझ्या फायलीवरून दिसते.

त्याहून मोठी गोष्ट २०२२ ची. त्या वर्षी ठाणेदार प्रतिनिधीगृहावर निवडून आले. प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर, प्रचारात स्वतःचा भरपूर पैसा घातलेले ठाणेदार जिंकले. आपल्याकडे हा विजय पेढे वाटण्याचा विषय झाला. डेट्रॉइटमध्ये मात्र त्या निकालाची दुसरीच बाजू चर्चेत होती. तीन-चतुर्थांशांहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची असलेल्या या शहराला १९५५ पासून, चार्ल्स डिग्ज वॉशिंग्टनला गेले तेव्हापासून, सतत एखादा तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. जॉन कॉनियर्स तर १९६५ पासून २०१७ पर्यंत होते. ती परंपरा ठाणेदारांच्या विजयाने तुटली. यात ठाणेदारांचा दोष नाही; निवडणूक लढवणे हा त्यांचा हक्क आहे आणि मते लोकांनीच दिली. पण ज्या मराठी वाचकाने हे वाचलेच नाही त्याला डेट्रॉइटच्या एखाद्या म्हाताऱ्या मतदाराच्या मनात त्या रात्री काय आले असेल याची कल्पनाही करता येणार नाही. आणि आपल्याला ती करता यायला हवी होती, कारण आपल्या भाषेत त्याची जुनी सोय आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या गौरवार्थ. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तिच्यामागे काय आहे याचा विचार कमी होतो. पुण्यात बसलेल्या या माणसाने अमेरिकेच्या बातमीत आपला नातेवाईक शोधला नाही. त्याने तिथल्या एका अन्यायाची रीत पाहिली आणि ती इथल्या अन्यायाशी ताडून पाहिली. पुढे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली. १९७२ ला दलित पँथर झाली ती नावासकट अमेरिकेच्या बातमीतून. म्हणजे मराठीत अमेरिका वाचण्याची एक पद्धत शंभर वर्षे चालत आली होती, आणि ती ‘आपला माणूस’ शोधणारी नव्हती.

दुसरी पद्धत पंडिता रमाबाईंची. तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते अमेरिकेवरचे मराठीतले सर्वांत चांगले वार्तांकन १८८९ मध्येच होऊन गेले. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या, निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचे. पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या तिकडे फिरल्या. परत आल्यावर त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. आता विचार करा, हाताशी आनंदीबाईंसारखी गोष्ट होती. पहिली मराठी डॉक्टर, नात्यातली, परदेशात मिळवलेली पदवी. आजचा कोणताही संपादक त्यावर पानेच्या पाने छापेल. रमाबाईंनी पुस्तकाचा भर कशावर दिला? राज्यव्यवस्था कशी चालते, घरे कशी आहेत, शाळा कशा आहेत, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था कशा चालतात, स्त्रियांची स्थिती काय आहे, व्यापारउदीम कसा आहे. इंग्रज सरकारच्या अमलाखालच्या वाचकाला राजा नसलेले राज्य कसे चालते हे सांगणे हाच त्या काळातला केवढा धीट उद्योग! आणि स्तुती करताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. मूळ रहिवाशांशी आणि कृष्णवर्णीयांशी गोऱ्या लोकांचे वागणे कसे आहे, हेही त्यांनी लिहिले. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष तिकडे पुन्हा गेले. मूळ मराठी पुस्तक किती ग्रंथालयांत आहे हे वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

रमाबाईंची रीत वापरून ठाणेदारांचा ठराव वाचायचा म्हटले तर काय दिसते? मी तो तीन रात्री बसून वाचला. त्यात सात कलमे आहेत. न्यायप्रक्रियेत अडथळा, संसदेचा खर्चाचा अधिकार बळकावणे, व्यापारविषयक अधिकारांचा गैरवापर, पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग, बेकायदा खाते उभे करणे, लाचलुचपत आणि जुलमी अतिरेक. ही सगळी कलमे सारख्या ताकदीची आहेत असे मला वाटत नाही. शेवटचे तर भाषणासारखे आहे. तिसरे आणि चौथे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. तिसऱ्यात आयातशुल्काचा प्रश्न आहे, चौथ्यात वृत्तपत्रे, वकील आणि टीकाकार यांच्यावर उगवलेल्या सुडाचा.

ठरावाचे पुढे जे झाले ते असे. सुरुवातीला सह्या केलेल्या सहकाऱ्यांपैकी काहींनी, पक्षनेतृत्वाचा याला पाठिंबा नाही हे कळल्यावर, आपली नावे काढून घेतली. मे महिन्यात ठाणेदारांनी हा ठराव तातडीने मताला टाकण्याची घोषणा केली. तिथल्या नियमाप्रमाणे असा ठराव दोन कामकाजी दिवसांत घ्यावाच लागतो. १४ मेच्या संध्याकाळी त्यांनी ती घोषणा मागे घेतली. मतदान झालेच नाही. रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहात तो पडणार हे उघडच होते. अमेरिकन वार्ताहरांनी या सगळ्याचा अर्थ लावला तो २०२६ च्या प्राथमिक निवडणुकीच्या चष्म्यातून: मतदारसंघात आव्हान उभे राहिले आहे, म्हणून ठाणेदार लढाऊ दिसू पाहत आहेत. असेलही. राजकारणी माणूस निवडणुकीचा विचार करतो यात नवल ते काय? पण ज्या दिवशी सगळे त्यांच्या हेतूबद्दल लिहीत होते त्या दिवशी तिसऱ्या कलमात म्हटलेले खरे की खोटे, हे लिहिणारे फार थोडे होते. तिकडच्या उदारमतवादी वृत्तपत्रांचा हा जुना आजार आहे. घोडा कुठला पुढे, यावर ते दहा रकाने लिहितात. शर्यत कशासाठी आहे, यावर एक. बायडन यांच्या वयाचा प्रश्न २७ जून २०२४ च्या वादचर्चेपर्यंत त्यांनी आडबाजूला ठेवला, आणि मग एका रात्रीत सगळ्यांना तो दिसला. मी स्वतः उदारमतवादी बाजूचा आहे आणि त्या वर्षीची माझी कात्रणे चाळताना मलाही लाज वाटते. ट्रम्प हरतील असे सांगणारे मजकूर मी जपून ठेवले, उलट सांगणारे फारसे कापलेच नाहीत. ते ३१२ विरुद्ध २२६ असे जिंकले.

आता तिसऱ्या कलमाकडे. अमेरिकेच्या राज्यघटनेत कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलेला आहे. ट्रम्प यांनी १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या एका कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर शुल्क बसवले. त्या कायद्यात ‘आयातशुल्क’ हा शब्दच नाही. मे महिन्यात तिथल्या व्यापार न्यायालयाने हे शुल्क बेकायदा ठरवले आणि २९ ऑगस्टला अपिलातही ७ विरुद्ध ४ मतांनी तेच ठरले. मधल्या काळात काय घडले? ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के, २७ ऑगस्टपासून, रशियाकडून तेल घेतो म्हणून, एकूण ५० टक्के. आणि त्या दोन तारखांच्या मध्ये, १९ ऑगस्टपासून, आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. वस्त्रोद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा, हे कारण सांगितले गेले. सीसीआयने लगोलग आपल्या गाठींचे विक्रीदर खाली आणले.

खानदेशात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात ठिबकवर लावलेला पूर्वहंगामी कापूस आमच्याकडे सप्टेंबरात फुटतो. डिसेंबरची ३१ तारीख म्हणजे जवळजवळ आमचा अर्धा हंगाम. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. पण घरापुढे काटा घेऊन येणारा खेडा खरेदीवाला हमीभावाने घेत नाही, ओल दाखवून कापतो. बाहेरची गाठ स्वस्त झाली की त्याला कापायला आणखी एक कारण मिळते.

माझ्या फायलीत या सगळ्याच्या बातम्या आहेत, पण निरनिराळ्या पानांवर. परदेशाच्या पानावर ट्रम्प यांचा राग आणि मोदींशी असलेली किंवा नसलेली मैत्री. अर्थाच्या पानावर वस्त्रोद्योगाचे निवेदन. जिल्ह्याच्या पानावर कापसाचा भाव. आणि एप्रिलच्या फायलीत, पूर्वीच पिवळी पडू लागलेली, बेळगावच्या सुपुत्राची बातमी. या चार कात्रणांना जोडणारी एक ओळ मला कुठल्याही मराठी वृत्तपत्रात सापडली नाही: संसदेला डावलून एका माणसाने कर बसवला तर तो किती दूरवर वसूल होतो. ठाणेदारांच्या तिसऱ्या कलमाचा विषय तोच होता. आपण त्यांचे आडनाव छापले, कलम छापले नाही.

हे काही नवे नाते नाही, हे धरणगावात राहणाऱ्याने तरी विसरू नये. बालकवींचे जन्मगाव म्हणून लोक आमच्या गावाचे नाव घेतात, ते ठीकच. पण एकेकाळी हे गाव कापसाचे, मागाचे आणि कागदाचे म्हणून ओळखले जाई. कापसातली सरकी काढण्याची सरकारी यंत्रशाळा इथे १८५५ च्या सुमारास निघाली, सायबाच्या देखरेखीखाली. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावला आगगाडी आली आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जळगाव त्या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनले. १८६५ ला युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्यांनी चढ्या भावावर कर्ज काढले होते त्यांचे काय झाले हे दख्खनच्या सावकारी दंग्यांच्या चौकशीत नंतर नोंदले गेले. ज्या युद्धातल्या त्यागाबद्दल फुल्यांनी पुस्तक अर्पण केले, त्याच युद्धाने आमच्याकडे आधी पैसा आणि मग कर्ज आणले. एकाच बातमीच्या या दोन बाजू एका वेळी डोळ्यांपुढे ठेवणारा लेखक त्या काळी होता की नाही याचा मी शोध घेत आहे.

चौथ्या कलमाबद्दल थोडक्यात, कारण तो विषय वाचकांना जास्त परिचित आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसी वाहिनीने ट्रम्प यांचा बदनामीचा दावा दीड कोटी डॉलरना मिटवला. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने एका मुलाखतीच्या संपादनावरून चाललेला दावा एक कोटी साठ लाखांना मिटवला, आणि त्याच महिन्यात तिच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळाली. मेक्सिकोच्या आखाताचे नाव बदलून लिहायला नकार दिला म्हणून असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांना फेब्रुवारीत अध्यक्षांच्या दालनाबाहेर ठेवले गेले. सार्वजनिक नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे सुमारे १.१ अब्ज डॉलर संसदेनेच काढून घेतले. सप्टेंबरात विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जिमी किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला गेला. आपल्याकडे यातली किमेल यांची बातमी मनोरंजनाच्या पानावर आली.

मला यातल्या दाव्यांपेक्षा तडजोडींनी अस्वस्थ केले. कायद्याच्या जाणकारांना हे दावे कच्चे वाटत होते; तरी कंपन्यांनी पैसे भरले, कारण वृत्तविभाग हा त्यांच्या धंद्याचा लहानसा तुकडा आहे आणि बाकीच्या धंद्याला सरकारची सही लागते. ही यंत्रणा समजायला डेट्रॉइटला जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकाला बाजार समितीतल्या मापाच्या कटतीवर लेख दिला होता. छापून आला तेव्हा मधला एक परिच्छेद नव्हता. विचारले तर संपादक म्हणाले, “अहो, दिवाळीच्या जाहिराती तोंडावर आहेत.” माणूस वाईट नव्हता. त्याने मला मानधन दिले, चहा पाजला, आणि त्या परिच्छेदाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. मीही बोललो नाही, हेही इथे नोंदवतो.

आमच्या शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी शिकवत होते आणि तिथूनच त्यांनी साप्ताहिक चालवण्याचे वेड घेतले. १९४८ ला ‘साधना’ निघाले. मराठीत उदारमतवादी म्हणवणारी जी काही नियतकालिके उरली आहेत त्यांना माझे एक गाऱ्हाणे आहे. अमेरिकेवरचे त्यांचे लेख मी आदराने वाचतो. त्यांत लोकशाहीच्या ऱ्हासाचे विश्लेषण असते, हुकूमशाहीच्या लक्षणांची यादी असते, जर्मनीची आठवण असते. कापूस नसतो. द्राक्ष नसते, सुरतेला हिऱ्याच्या घंटीवर बसलेला खानदेशी पोरगा नसतो, ज्याचे काम ऑगस्टनंतर कमी झाले. गोविंद तळवलकर निवृत्तीनंतर अमेरिकेत राहायला गेले आणि २०१७ मध्ये वारले तोवर तिकडून मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या व्यासंगाला तोड नव्हती. पण त्या परंपरेतला लेखक बहुधा ग्रंथालयाच्या खिडकीतून जग पाहतो. तिथून संस्था दिसतात, हे खरे, आणि ‘आपला माणूस’ शोधणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी चांगले. तरी धरणगावच्या वाचकाला त्यात आपण कुठे बसतो ते कळत नाही, आणि मग तो बाजारभावाचे पान उघडतो. त्याला दोष देणे मला जमत नाही.

ठाणेदारांबद्दल माझे मत विचाराल तर ते एका वाक्यात मावत नाही. त्यांचा ठराव पक्षाला विश्वासात न घेता आणलेला, घाईचा होता, आणि मागे घेण्याची पद्धत ओशाळवाणी होती. २४ जूनला त्यांच्याच पक्षाच्या अल ग्रीन यांनी दुसरा ठराव मताला टाकला, तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला. म्हणजे डेमोक्रॅटांतही अनेकांना हा रस्ता मान्य नव्हता. तरी करासंबंधीचे कलम चार महिन्यांनी अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाच्या किती जवळ होते, ते पाहावे. हेतू निवडणुकीचा असू शकतो आणि मुद्दा बरोबर असू शकतो. मराठीत त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात या दोन्हींपैकी एकही नव्हते.

सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ ला आयातशुल्काच्या खटल्याची सुनावणी ठेवलेली होती. त्या सुमारास आमच्याकडे दुसरी वेचणी चालू होती. शेजाऱ्यांनी सीसीआयला कापूस द्यायचा म्हणून सरकारी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नाव नोंदवले होते. ते मीच माझ्या फोनवरून करून दिले, दोनदा प्रयत्न करावा लागला. तेव्हा मी त्यांना तिसरे कलम अहिराणीत सांगून पाहिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, मग त्या कोर्टाने नाही म्हटले तर इथला भाव वाढेल का? मी म्हटले, लगेच नाही, इथले शुल्क आपल्या सरकारने उठवले आहे, त्यांच्या कोर्टाने नाही. ते म्हणाले, मग ते आपल्या कोर्टात कोण विचारणार? मी फोन चार्जिंगला लावला आणि ऑगस्टची फाईल पुन्हा काढली.